आयव्हीएफ करायचं ठरतंय : नाशिककडच्या अनुभवी मंडळींनी बोलावं

निफाडची_लेक

बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. सांभाळून घ्या.

लग्नाला सात वर्षं झाली. माझं वय ३३, ह्यांचं ३७. घरची द्राक्षबाग आहे, मी तालुक्यातल्याच एका शाळेत शिकवते. माझ्या नळ्या मोकळ्या आहेत, गर्भाशय ठीक आहे, एएमएच (बीजं किती शिल्लक आहेत याची रक्ततपासणी) वयाच्या मानाने थोडं कमी आलंय. ह्यांचा शुक्राणूंचा काउंट मिलीलीटरला एक कोटीच्या खाली आहे. आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात ते) करून पाहिलं, राहिलं नाही. आता नाशिकच्या डॉक्टरांनी आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी सुचवलंय, तेही इक्सी पद्धतीने, म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडून.

घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, आधी त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या. दीर म्हणतात, एवढे पैसे घालायचे तर मुंबईलाच जा. हे काही बोलत नाहीत. विषय निघाला की बागेकडे निघून जातात.

मला जाणून घ्यायचंय की आमच्यासारख्यांना यात नेमकी कशाची मदत होते, शरीराला किती सोसावं लागतं, आणि शाळा-शेती सांभाळून हे जमतं का. खर्चाचंही मोकळेपणी सांगा. "देवावर भरवसा ठेव" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, तो माझा आहेच.

सिन्नरची_सिस्टर

बरं केलंस धागा काढलास. ड्यूटीवर आहे, रात्री सविस्तर लिहिते. इंजेक्शनांची भीती मनातून काढून टाक, एवढं आत्ताच सांगते.

सातपूरकर

ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने लिहितो, कारण ते स्वतः लिहितील असं वाटत नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात भट्टीवर होतो. मूल होईना म्हणून बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बीण झाली, महिनोन्‌महिने गोळ्या झाल्या. तेवढ्या काळात एकाही डॉक्टरने माझी तपासणी सांगितली नाही. डॉक्टर बदलले तेव्हा नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत मला कागद दिला. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. त्या दिवशी मी कंपनीत गेलो, शिफ्ट केली, घरी आलो आणि कोणाशी बोललो नाही. पुढे बरेच दिवस तसेच गेले. बायकोला वाटलं मला काही पडलेलीच नाही. खरं म्हणजे मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग मूत्ररोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं की तयार होतात, पण बाहेर यायची वाट बंद आहे. वृषणातून सुईने थेट शुक्राणू काढले आणि इक्सी केलं. आमची मुलगी आता बालवाडीत आहे.

तुमच्या अहोंचा काउंट कमी आहे, शून्य नाही. इक्सीला एका स्त्रीबीजामागे एक जिवंत शुक्राणू लागतो. हे त्यांना कोणीतरी पुरुषाने सांगायला हवं. त्यांना चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी फोन करतो.

गायनॅक_गोदाकाठ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, स्वतःचं आयव्हीएफ सेंटर नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहिते. सातपूरकरांनी फार मोलाचं सांगितलं. मूल न होण्यामागे जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत. तरी तपासणीची सुरुवात बाईपासून होते आणि कितीदा तिथेच अडकते. वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त आणि अजिबात न दुखणारी तपासणी आहे.

आता लेकीच्या मूळ प्रश्नाकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत काउंटची खालची मर्यादा मिलीलीटरला १ कोटी ६० लाख धरली आहे आणि हालचाल करणाऱ्यांची ४२ टक्के. त्याखाली आकडा आला की मूल होणारच नाही असं नाही, पण शक्यता घटते. कोट्यवधी निघतात, त्यांतले काहीशेच बीजापर्यंत पोचतात. आययूआयमध्ये आपण धुतलेले शुक्राणू गर्भाशयात सोडतो, तरी नळीपर्यंतचा पुढचा प्रवास त्यांनाच करायचा असतो. आयव्हीएफमध्ये तो प्रवासच उरत नाही. बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलन करायचं आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवायचा. साध्या आयव्हीएफमध्ये एका बशीत बीज आणि हजारो शुक्राणू एकत्र ठेवतात. इक्सीमध्ये एकेक शुक्राणू निवडून बारीक सुईने बीजाच्या आत सोडतात. ही पद्धत ब्रुसेल्सला निघाली, तिच्यातून पहिली बाळं १९९२ मध्ये जन्मली. कमी काउंट असलेल्या पुरुषांना त्याआधी दात्याचे शुक्राणू घेण्यावाचून फारसा मार्गच नव्हता.

नळ्या बंद असलेल्या बायकांना, एंडोमेट्रिओसिसवाल्यांना (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), वय पुढे गेलेल्यांनाही याची मदत होते. पण ज्या गोष्टीला आयव्हीएफचा इलाज नाही तीही सांगते : वय. बीजं बाईच्या जन्माआधीच तयार झालेली असतात, त्यांची गुणवत्ता वयाबरोबर उतरते आणि कुठलंही इंजेक्शन ती परत आणत नाही. एएमएच किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देतं, ती कशी आहेत ते वय सांगतं. ३३ हे चांगलं वय आहे. एएमएच कमी असताना आणखी दोन-तीन वर्षं मात्र घालवू नकोस.

निफाडची_लेक

डॉक्टर, खूप आभार. इतकं सरळ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. एक विचारते. हे बागेत फवारणी स्वतः करतात, ब्लोअरवर बसून. त्याचा काही संबंध असेल का?

गायनॅक_गोदाकाठ

असू शकतो. काही कीटकनाशकांचा शुक्राणूंवर परिणाम होतो हे जुनं ठाऊक असलेलं आहे. डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगारांना मुलं होईनात, ते १९७७ मध्ये उघडकीला आलं आणि पुढे त्या औषधावर बंदी आली. तुमच्या बागेतल्या औषधाने हेच झालं असं रिपोर्ट न बघता म्हणणार नाही. पण पूर्ण बाह्या, हातमोजे, चांगला मास्क हे हवंच, आणि जमलं तर सध्या फवारणी दुसऱ्याकडे द्या. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आजच्या बदलाचा परिणाम त्यानंतरच्या रिपोर्टात दिसेल. तंबाखू असेल तर आजच बंद.

एका रिपोर्टवर थांबू नका. मधे जोराचा ताप येऊन गेला तरी काउंट पडतो. पुन्हा तपासणी करा आणि मूत्ररोगतज्ज्ञांकडून व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) आहे का तेही बघून घ्या. आणखी एक, जिममध्ये किंवा ओळखीच्या कोणी "ताकदीचं" टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर अजिबात नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर शुक्राणू बनवणंच थांबवतं. तरुण मुलांत हे सर्रास दिसायला लागलंय.

स्पष्टवक्ता_कॉलेजरोड

सगळे एका सुरात बोलत आहेत म्हणून वेगळं लिहितो. आयव्हीएफ हा आता धंदा झाला आहे. होर्डिंगवर गोंडस बाळ, खाली "हमखास यश", वर हप्त्यांची सोय. माझ्या चुलत भावाने शेताचा तुकडा विकला, हाती काही आलं नाही. सेंटरने शेवटपर्यंत "पुढच्या वेळी नक्की" एवढंच सांगितलं. मूल नसलं तर आयुष्य थांबतं का? आधी ते दडपण झुगारा.

निफाडची_लेक

दादा, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण मूल आम्हाला हवंय, शेजाऱ्यांना दाखवायला नको आहे. दडपणाबद्दल म्हणाल तर हळदी-कुंकवाला कोणी ओटी भरताना हात आखडला की कळतंच. तरीही माझी इच्छा त्या दडपणातून आलेली नाही. हे वेगळं करून बघा, एवढंच म्हणणं.

गायनॅक_गोदाकाठ

स्पष्टवक्ते, अर्ध्याशी सहमत. "हमखास" म्हणणाऱ्या दारातून परत फिरावं. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था सगळ्या सेंटरांची आकडेवारी प्रसिद्ध करते. तिथे पस्तिशीच्या आतल्या बाईला स्वतःच्या बीजातून एका ट्रान्सफरमागे (गर्भ गर्भाशयात ठेवण्याच्या एका वेळेमागे) बाळ होण्याचं प्रमाण तीनात एकाच्या आसपास आहे, आणि चाळिशीनंतर ते वेगाने खाली येतं. म्हणजे उत्तम ठिकाणीही पहिल्या वेळी न होण्याचीच शक्यता जास्त. हे आधी सांगितलं असतं तर तुमच्या भावाने जमीन विकण्याआधी कदाचित वेगळा हिशेब केला असता.

सेंटरला विचारायचा प्रश्न असा : माझ्या वयोगटात, माझ्यासारख्या कारणासाठी, सुरू केलेल्या सायकलमागे (इंजेक्शनांपासूनच्या एका पूर्ण प्रयत्नामागे) किती बाळं घरी गेली? नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचे टक्के मोठे दिसतात, त्यातले काही गर्भ पुढे टिकत नाहीत.

मालेगावची_फरीदा

माझ्या बहिणीच्या नळ्या टीबीने बंद झाल्या होत्या. ना खोकला ना ताप, कोणाला शंकाही नाही. आपल्याकडे हे कारण बरंच सापडतं असं डॉक्टर म्हणाले. आधी टीबीचा पूर्ण कोर्स झाला, मग आयव्हीएफ. आता तिला मुलगा आहे. निफाडच्या ताईच्या नळ्या चांगल्या आहेत, तिच्यासाठी नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

पंचवटीच्या_आजी

बाळा, नातवाकडून टाइप करून घेते आहे.

तुझ्या सासूबाईंवर रागावू नकोस. आमच्या काळी दुसरं काही हातात नव्हतं. माझ्या धाकट्या जावेला मूल नव्हतं. आम्ही त्र्यंबकला नारायण नागबळी केला, तीन दिवस तिथे राहून. वणीच्या गडावर जाऊन ओटी भरली, बारा गावच्या वैद्यांचं औषध झालं. तिला कोणी डॉक्टरने नीट तपासलंच नाही, मग दिराला कोण तपासणार? १९८६ साली केईएम रुग्णालयाची बातमी पेपरात आली, मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली म्हणून. तिथल्या डॉक्टर इंदिरा हिंदुजा बाईंचा फोटो होता. जावेने ते कात्रण कित्येक वर्षं पोथीत ठेवलं होतं. तेव्हा मुंबईला जाऊन असलं काही करायची आमची ऐपतही नव्हती आणि घरात बोलायची सोयही नव्हती.

पूजा करायची असेल तर कर, मनाला बरं वाटतं. पण पूजा झाली की वर्षभर वाट बघू, असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. सासूबाईंना एकदा डॉक्टरकडे बरोबर ने. माझ्या सुनेने मला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर सगळं दाखवलं, आणि घरी येऊन मीच बाकीच्यांची तोंडं बंद केली.

जुन्या_कात्रणांचा

आजींच्या कात्रणावरून थोडं विषयांतर. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८, इंग्लंड. त्यानंतर सव्वादोन महिन्यांतच, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी दुर्गा जन्मली. त्यांनी गर्भ गोठवून नंतर गर्भाशयात ठेवला होता, आज सगळीकडे होतं तसं. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, परिषदांना जाऊ दिलं नाही, बदली केली. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे केईएमच्या यशात ज्यांचा वाटा होता त्या डॉ. आनंद कुमार यांनीच मुखोपाध्यायांच्या नोंदी वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या नावावरचा "पहिला" सोडून देणारी अशी माणसंही या क्षेत्रात होऊन गेली. लुईसच्या जन्मामागच्या इंग्लंडच्या रॉबर्ट एडवर्ड्‌सना २०१० मध्ये नोबेल मिळालं, मुखोपाध्यायांना जिवंतपणी साधी नोंदसुद्धा मिळाली नाही. मला हे वाचताना प्रत्येक वेळी फार त्रास होतो.

लॅबमधली

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये बीजं आणि गर्भ सांभाळते. पेशंटला आम्ही दिसत नाही, म्हणून आतलं थोडं सांगते.

पिकअपच्या, म्हणजे बीजं बाहेर काढायच्या, दिवशी शेजारच्या खोलीतून बीजांडकोशातलं पाणी नळीत भरून येतं, ते आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यातली बीजं वेचतो. बीज मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं असतं. प्रत्येक बशीवर जोडप्याचं नाव आणि क्रमांक, आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या माणसाने खात्री करायची, हा नियम. सेंटर बघायला गेलात तर "दुसरी खात्री कोण करतं" असं जरूर विचारा. उत्तर द्यायला कोणी अडखळलं तर सावध व्हा.

इक्सीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फलन झालं का ते दिसतं. चांगल्या परिपक्व बीजांपैकी साधारण सत्तर टक्के फळतात. त्यातली निम्मी किंवा त्याहून थोडी कमी पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत (गर्भाशयात ठेवण्याजोग्या वाढलेल्या गर्भापर्यंत) पोचतात. म्हणजे दहा बीजं निघाली म्हणून दहा गर्भ होत नाहीत, आणि हे ऐकून घरचे हादरतात. आकडा रोज कमी होत जाणं हे लॅबच्या दृष्टीने नेहमीचं आहे.

उरलेले चांगले गर्भ द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवता येतात. पहिली ट्रान्सफर लागली नाही तरी परत सगळी इंजेक्शनं आणि पिकअप करावा लागत नाही, गोठवलेला गर्भ वापरता येतो. खर्च आणि शरीराचा त्रास दोन्ही बरेच कमी होतात.

निफाडची_लेक

हे मात्र यांना लगेच कळलं. मी वाचून दाखवलं तर म्हणाले, फुलोऱ्यातली सगळी फुलं कुठे मणी होतात. या विषयावर इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा काही बोलले.

सातपूरकर

वा! सुरुवात झाली म्हणायची.

गंगापूररोडचा_मिहिर

दोन गर्भ ठेवायला सांगा, जुळी झाली की एका खर्चात काम पुरं! आमच्याकडे जुळी आहेत, घरात सदैव यात्रा भरलेली असते.

गायनॅक_गोदाकाठ

मिहिर, तुमच्या जुळ्यांना आशीर्वाद. पण जुळ्यांत बाळं दिवसांआधी होण्याचा, वजन कमी भरण्याचा, आईचं बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो. नवजात अतिदक्षता विभागात महिनाभर काढलेली जोडपी मी पाहिली आहेत. लेकीच्या वयाला चांगला ब्लास्टोसिस्ट असेल तर एकच ठेवावा आणि बाकीचे गोठवावेत.

सिन्नरची_सिस्टर

रात्रीचं वचन पुरं करते.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून इंजेक्शनं सुरू होतात. रोज एक, पोटाच्या कातडीखाली, साधारण दहा-बारा दिवस. सुई अगदी बारीक असते. पहिल्या दिवशी सेंटरमध्ये शिकून घे, मग घरी स्वतः घेता येतात. किंवा अहोंना द्यायला लाव. मी असं पुष्कळ जोडप्यांना शिकवलंय, आणि ज्या नवऱ्यांनी रोज इंजेक्शन दिलं ते हळूहळू बोलायलाही लागतात.

औषधाची काळजी घे. यातली बरीच इंजेक्शनं फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. तुमच्याकडे लोडशेडिंग असतं तर थर्मासचा डबा आणि जेल पॅक घेऊन ठेव. फ्रीझरमध्ये मात्र कधीच ठेवू नको, गोठलं की औषध वाया. नाशिकहून येताना गाडीच्या डॅशबोर्डवर पिशवी ठेवून आलेल्या बायका मला भेटल्या आहेत.

मधे तीन-चार वेळा सोनोग्राफीला जावं लागेल. बीजं तयार झाली की ती पूर्ण पिकवणारं ट्रिगरचं इंजेक्शन, त्याची वेळ मिनिटावर पाळायची, कारण त्यानंतर चौतीस ते छत्तीस तासांनी पिकअप असतो. पिकअपला थोडा वेळ झोपेचं औषध देतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, संध्याकाळपर्यंत घरी. ट्रान्सफर तर भूल न देता होते, फक्त लघवी भरून ठेवावी लागते.

पोट फुगणं, जडपणा थोडा होतोच. पण पोट टम्म झालं, दम लागला, लघवी कमी झाली, वजन एकदम वाढलं तर रात्री-अपरात्री फोन कर. इंजेक्शनांनी बीजांडकोश प्रमाणाबाहेर सुजल्याची ही लक्षणं. पीसीओएसवाल्या (बीजांडकोशात खूप लहान गाठी दिसतात त्या) बायकांना हा धोका जास्त असतो, तुझं एएमएच कमी असल्याने तुला कमी, पण माहीत हवं.

ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगावर पडून राहायची गरज नाही. त्याने यश वाढत नाही हे अभ्यासांत दिसलंय. शाळेत जा, फक्त जड उचलू नको. आणि घरच्या किटने घाईने टेस्ट करू नको. ट्रिगरचं औषध अंगात असेल तर खोटी रेघ दिसते. गर्भ राहिला का ते सांगणारी बीटा एचसीजीची रक्ततपासणी सांगतील त्याच दिवशी.

हिशेबी_सिडको

खर्चाचं कोणी बोलत नाही म्हणून. आमच्या बँकेच्या शाखेत यासाठी कर्ज मागायला लोक येतात, त्यावरून सांगतो. औषधं धरून एका सायकलला दीड ते अडीच लाखांच्या आसपास जातो. पॅकेजचा आकडा कमी दिसला तर विचारा : इंजेक्शनं धरली आहेत का, इक्सी वेगळं का, भूलतज्ज्ञांचे पैसे, गर्भ गोठवण्याचं वार्षिक भाडं, पुढच्या फ्रोझन ट्रान्सफरचा खर्च. हे सगळं लेखी घ्या.

बहुतेक आरोग्य विम्यांत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. काही कंपन्यांच्या गट विम्यात मात्र असतात, म्हणून शाळेच्या किंवा कोणाच्या नोकरीच्या पॉलिसीचा कागद एकदा वाचून बघा. गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय मोफत सुरू झाली आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात असं काही व्हावं म्हणून लोकप्रतिनिधींच्या मागे लागायला हवं. सिन्नर-इगतपुरीच्या कामगाराला, पेठ-सुरगाण्याच्या माणसाला अडीच लाख कुठून आणायचे?

पहिल्याच सायकलवर सगळी पुंजी लावू नका. डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण बघता दुसऱ्या प्रयत्नापुरते पैसे बाजूला ठेवून मगच सुरू करा, आणि जमीन गहाण टाकायची नाही हे दोघांनी आधी ठरवा.

शरणपूर_वकील

कायद्याचं थोडक्यात. सहायक जननतंत्रज्ञान कायदा २०२१ चा, जानेवारी २०२२ पासून लागू. सेंटर नोंदणीकृत हवं, प्रमाणपत्र बघायला मागा. बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५. प्रत्येक टप्प्याला दोघांची लेखी संमती लागते आणि गर्भ गर्भाशयात ठेवेपर्यंत ती मागे घेता येते. गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. मुलगा की मुलगी हे निवडणं हा गुन्हा आहे. तसं सुचवणारा कोणी भेटला तर तिथे पुढची भेट घेऊ नका.

कळवणकर

पत्नी ४४ वर्षांची. डॉक्टर दुसऱ्या बाईचं बीज घ्यायला सांगतात. गावात कळलं तर? मूल कायद्याने आमचंच का?

शरणपूर_वकील

पूर्णपणे तुमचंच, वारसाहक्कासकट. बीजदात्या बाईचा मुलावर कुठलाही हक्क राहत नाही. दाती २३ ते ३५ वयाची, नोंदणीकृत बँकेतूनच, आणि तिला आयुष्यात एकदाच देता येतं. गावात सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. सेंटरला गुप्तता पाळावीच लागते.

थांबलेली

यशाच्या गोष्टी खूप आल्या, त्यांचा आनंद आहे. मी दुसऱ्या बाजूची.

आम्ही अनेकदा प्रयत्न केले. चांगले डॉक्टर होते, सगळं नीट झालं, गर्भ चांगले होते, तरी राहिलं नाही. एकदा राहिलं आणि आठव्या आठवड्यात ठोके थांबले. कोणाचंच चुकलं नव्हतं. कारण सापडत नाही तेव्हा माणूस स्वतःलाच दोषी धरतो, मीही धरलं, आणि समुपदेशकाकडे गेल्यावर त्यातून बाहेर आले. समुपदेशन ही कायद्याने सेंटरची जबाबदारी आहे, ते मागून घ्या.

मला एकच सुचवायचं आहे. सुरू करण्याआधी दोघांनी बसून ठरवा की कुठे थांबायचं. मधे असताना ते ठरवता येत नाही, कारण पुढची वेळ नेहमी अगदी हाताशी दिसते. आम्ही थांबलो, आणि वर्षभराने दत्तकासाठी नाव नोंदवलं. सगळं केंद्रीय पोर्टलवरून होतं, प्रतीक्षा मोठी आहे. घारपुरे घाटाजवळच्या आधाराश्रमात जाऊन आम्ही प्रक्रिया समजावून घेतली, तिथल्या ताईंनी शांतपणे सगळं सांगितलं. अजून नंबर लागलेला नाही. आयव्हीएफ चालू असतानाच "नाहीतर दत्तक आहेच" असं लोक म्हणायचे तेव्हा फार राग यायचा. दोन्हींसाठी मनाची तयारी वेगवेगळी लागते.

स्पष्टवक्ता_कॉलेजरोड

थांबलेली ताई, तुमचा प्रतिसाद मी भावाला पाठवला आहे.

पंचवटीच्या_आजी

लेकी, तुझा नंबर लवकर लागो.

देवळालीचा_पांथस्थ

मुंबई की नाशिक यावर कोणीच लिहिलं नाही. आम्ही मुंबईला केलं. प्रत्येक सोनोग्राफीला सकाळची पंचवटी एक्सप्रेस, परत संध्याकाळी कसारा घाट चढून. पिकअपनंतर पोट दुखत असताना तो प्रवास बायकोला फार जड गेला. दुसऱ्या वेळी नाशिकलाच केलं आणि तिथे झालं. ज्या केसमध्ये काही गुंतागुंतीचं आहे त्यांनी मुंबईत एकदा सल्ला घ्यावा, पण लॅब चांगली असेल तर इथेच बरं. निफाडहून सकाळी येत असाल तर नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकते, तासभर हाताशी ठेवा.

लॅबमधली

सहमत. अहोंना पिकअपच्या दिवशी यायला जमेल का अशी धास्ती असेल तर नमुना आधीच गोठवून ठेवता येतो. काउंट कमी असलेल्यांना आम्ही तसं सुचवतोच, ऐनवेळच्या ताणाने नमुना न देता येणं अगदी नेहमीचं आहे.

निफाडची_लेक

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी आहेत, म्हणून काय ठरलं तेवढं सांगते.

हे सातपूरकर दादांशी फोनवर बोलले. पाऊण तास, बांधावर उभं राहून. काय बोलले ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः म्हणाले की नाशिकला मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ घे. तपासणीत व्हेरिकोसील नाही, दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा किंचित बरा, पण इक्सीच लागेल. फवारणीला माणूस लावलाय.

सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिथे विचारलं की दोष कोणाचा. डॉक्टर म्हणाल्या, आजी, दोष नाही, उपाय आहे, आणि तो दोघांवर मिळून करायचा. त्र्यंबकला आम्ही जाऊन येणार आहोत, दर्शनापुरतं. नागबळीचा आग्रह त्यांनी आपणहून सोडला.

मुंबईचा बेत रद्द. जानेवारी ते मार्च माल काढणीत जातो, एप्रिलमध्ये खरड छाटणी. ती उरकली की मे महिन्यात शाळेला सुट्टी. तोपर्यंत द्राक्षाचे पैसेही हातात येतील, दोन प्रयत्नांपुरते बाजूला काढायचे आणि जमिनीला हात लावायचा नाही, हे दोघांनी ठरवलंय. थांबायचं कुठे तेही बोललो. ते सगळ्यांत अवघड गेलं.

डॉक्टर, एकच शंका. मे पर्यंत थांबले तर एएमएचच्या दृष्टीने उशीर होतो का?

गायनॅक_गोदाकाठ

पाच-सहा महिन्यांनी मोठा फरक पडत नाही, आणि त्या काळात फवारणी बंद केल्याचा फायदा मिळेल. मात्र मे चा जून, जूनचा दिवाळी होऊ देऊ नकोस. आजपासून फॉलिक अ‍ॅसिड सुरू कर, थायरॉइड आणि साखर तपासून घे, रुबेलाची लस झाली आहे का ते बघ. नसेल तर आत्ताच घे, कारण त्यानंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो. एप्रिलच्या पाळीला सेंटरला फोन करून मे ची तारीख नक्की करून ठेव.

सिन्नरची_सिस्टर

इंजेक्शनं सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सिन्नरला ये, अहोंनाही आण. सलाइनवर हात बसवून देते. थर्मासचा डबा माझ्याकडे आहे, विकत घेऊ नको.